विश्लेषण : चांदवडच्या मेळाव्याला चाळीस वर्षे, सातबाऱ्यावर ‘ती’ अजून मागे का?

कांद्याच्या रोपांची लागवड, द्राक्षघडांची विरळणी, टोमॅटोची खुडणी, चाळीतल्या कांद्याची निवड... नाशिक जिल्ह्यात ही कामे प्रामुख्याने स्त्रियांच्या हातची. मात्र सातबारा, सोसायटीचे सभासदत्व आणि बाजार समितीतली हिशोबपट्टी यांवर नाव असते ते बहुतेक वेळा पुरुषाचे. बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि गटशेती यांमुळे स्त्रियांच्या हाती स्वतःचा पैसा येऊ लागला आहे. पण जमीन नावावर नसेल तर हा पैसा किती पुढे नेतो? आणि नाव लागले, पण बाजारात ताकद नसेल तर त्या नावाचा उपयोग किती?

विषय आता चर्चेत का?

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे. योगायोग असा की, शेतकरी स्त्रियांच्या मालमत्ता हक्काची मागणी महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा मांडणाऱ्या चांदवडच्या मेळाव्याला याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चाळीस वर्षे पूर्ण होतात. तिसरे कारण अगदी रोजच्या व्यवहाराचे आहे. राज्यात एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजेच फार्मर आयडी, बंधनकारक झाला. हा क्रमांक जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. शेतकरी कोण, याचे उत्तर आता संगणक सातबारा पाहून देतो. त्यामुळे सातबाऱ्यावर नसलेली बाई शेतात कितीही राबत असली तरी यंत्रणेच्या लेखी शेतकरी ठरत नाही.

देशाचे चित्रही फारसे वेगळे नाही. ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी सुमारे तीन जणी शेतीत आहेत. मात्र २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या एकूण वहिती खात्यांपैकी स्त्रियांकडची खाती जेमतेम १४ टक्के होती.

चांदवडला काय घडले होते?

शेतकरी संघटनेचे आंदोलन १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात कांदा आणि उसाच्या भावासाठी पेटले. रस्ता रोको आणि रेल रोकोमध्ये स्त्रिया मोठ्या संख्येने उतरल्या, तुरुंगातही गेल्या. शेतमालाला भाव मिळाला तर घरात आलेल्या पैशावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यातून पुढे आला. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन भरले. लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया तिथे जमल्याची नोंद आहे. शरद जोशी यांनी या निमित्ताने केलेली स्त्री-प्रश्नाची मांडणी ‘चांदवडची शिदोरी’ या नावाने प्रसिद्ध झाली.

दारूची दुकाने बंद करणे, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत संपूर्ण महिलांचे पॅनेल उभे करणे आणि स्त्रीला मालमत्तेत हक्क मिळणे, हे विषय चांदवडमधून गावोगावी गेले. स्त्रियांचा प्रश्न म्हणजे शहरी, शिकलेल्या बायकांचा प्रश्न, हा समज तिथे मोडला.

‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणजे काय?

चांदवडनंतर तीन वर्षांनी, १९८९ च्या सुमारास, शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हाती घेतला. त्यामागचा युक्तिवाद साधा होता. सरकार आपल्या घामाचे दाम देत नाही म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरतो. मग घरातल्या लक्ष्मीच्या घामाचे दाम त्याने दिले का? हे देणे फेडण्यासाठी शेतकऱ्याने जमिनीचा काही हिस्सा स्वखुशीने पत्नीच्या नावे करावा, असे आवाहन करण्यात आले. ज्या गावात किमान शंभर शेतकरी असे करतील, ते ‘लक्ष्मीमुक्ती गाव’ म्हणून गौरवले जाई. जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे यातले गाजलेले नाव. तिथे शंभराहून अधिक शेतकऱ्यांनी पत्नीच्या नावे जमीन केली.

पुढे राज्य शासनाने १९९२ मध्ये परिपत्रक काढून या कल्पनेला महसुली वाट करून दिली. पतीने स्वतःहून अर्ज केल्यास त्याच्या हयातीत पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची ही तरतूद आजही ‘लक्ष्मीमुक्ती योजना’ म्हणून ओळखली जाते.

याच काळात संघटनेने ‘चतुरंग शेती’ची मांडणी केली. सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती असे तिचे चार भाग होते. सीताशेती म्हणजे बाईने स्वतःच्या देखरेखीखाली छोट्या तुकड्यावर, बाहेरून फारसे काही विकत न आणता केलेली शेती. माजघर शेती म्हणजे शेतमालावर घरच्या घरी प्रक्रिया. जमिनीचा तुकडा, प्रक्रिया आणि बाजार यांची साखळी त्या वेळीच सांगितली गेली होती. पुढे मात्र या कड्या सुट्या झाल्या. जमिनीचे काम महसूल खात्याकडे राहिले, गटांचे काम महिला विकासाच्या योजनांकडे गेले आणि बाजार उत्पादक कंपन्यांकडे.

नाव नसल्यामुळे नेमके काय अडते?

पहिली अडचण कर्जाची. गावातल्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेतून, म्हणजेच सोसायटीतून, पीककर्ज मिळते ते जमीन नावावर असलेल्या सभासदाला. जमीन नाही, तर कर्जदार सभासदत्व नाही. सभासदत्व नाही, तर सोसायटीच्या निवडणुकीत मत नाही. सोसायटीचे प्रतिनिधी पुढे जिल्हा बँकेत आणि बाजार समितीत मतदार असतात. सहकार कायद्याने संस्थांच्या समितीत महिलांसाठी दोन जागा राखून ठेवल्या आहेत. पण सभासदांच्या यादीतच स्त्रिया मोजक्या असतील, तर त्या दोन जागांवर कोण बसणार हे बहुधा पुरुषच ठरवतात.

दुसरी अडचण योजनांची. पीएम-किसानचे वर्षाला ६ हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी सन्मान निधीचे ६ हजार रुपये जमीनधारक शेतकरी कुटुंबाला मिळतात आणि ज्याच्या नावे जमीन त्याच्या खात्यात जमा होतात. गारपीट किंवा अतिवृष्टीचे अनुदान, ठिबकचे अनुदान, कांदा चाळीचे अनुदान यांचा अर्जही सातबाऱ्यापासून सुरू होतो.

तिसरी अडचण संकटाच्या वेळी कळते. महिला किसान अधिकार मंचाने (मकाम) २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील ५०५ स्त्रियांची पाहणी केली. २०१२ ते २०१८ या काळात पती गमावलेल्या या स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्के जणींना, ज्या जमिनीत त्या राबत होत्या, तिचा हक्क तोवर मिळालेला नव्हता. कर्ज मात्र घरावर होतेच.

चौथी बाब पैशापलीकडची आहे. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेल्या अभ्यासात, जमीन वा घर यांपैकी काहीच नावावर नसलेल्या विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के जणींनी पतीकडून मारहाण झाल्याचे सांगितले. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. नावावरची मालमत्ता म्हणजे सोडून जाण्याची सोय, आणि ती सोय आहे हे माहीत असणे हाच अनेकदा बचाव ठरतो.

कायदा काय सांगतो?

गोंधळ सर्वाधिक होतो तो पत्नी आणि मुलगी यांच्या हक्कांत. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मुलीला वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने हक्क आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच कायद्यात दुरुस्ती करून तो दिला होता; मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने सर्व मुलींना मुलाइतकाच हक्क दिला. त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकमाने झालेली वाटणी मोडता येत नाही.

पत्नीचे तसे नाही. पतीच्या हयातीत त्याच्या स्वकष्टार्जित जमिनीत तिला आपोआप मालकी मिळत नाही. पती मृत्युपत्र न करता गेल्यास मात्र ती पहिल्या वर्गाची वारस ठरते. समजा, निफाड तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याची स्वतः खरेदी केलेली सहा एकर जमीन आहे आणि मागे आई, पत्नी, एक मुलगा व एक मुलगी आहे. तर चौघांना प्रत्येकी दीड एकर मिळते. मुलगी विवाहित आहे म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. सून म्हणून आली म्हणून पत्नीचाही होत नाही. विधवेने पुढे पुनर्विवाह केला तरी तिला एकदा मिळालेला वाटा जात नाही. शिवाय मिळालेल्या मिळकतीची ती पूर्ण मालक असते. केवळ हयातीपुरती राखणदार नव्हे.

मग प्रत्यक्षात नावे गळतात कुठे? मुलीचे नाव बहुधा हक्कसोडपत्रात गळते. भावाशी वैर नको, माहेर तुटायला नको, म्हणून बहिणी सही करतात. लग्नात खर्च केला, तोच तुझा वाटा, असेही सांगितले जाते. विधवेचे नाव गळते ते वारस नोंदीत. दीर किंवा सासरे ‘बघू पुढे’ म्हणतात आणि वर्षे उलटतात.

नाव लावण्याची प्रक्रिया कशी असते?

पती गेल्यानंतर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, कळवायचे असते. हा अर्ज ‘ई-हक्क’ प्रणालीवर ऑनलाइनही करता येतो. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण दरम्यान कर्ज, अनुदान आणि पीकविमा अडतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे व पत्ते आणि शपथपत्र ही मुख्य कागदपत्रे लागतात. नोंद आधी फेरफार नोंदवहीत होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. नंतरच सातबारा बदलतो. त्यामुळे केवळ अर्ज दिला म्हणून काम झाले असे समजू नये. फेरफार मंजूर झाला का आणि त्यात सर्व वारसांची नावे आली का, हे पाहणे आवश्यक असते.

पती हयात असताना दोन मार्ग आहेत. पहिला लक्ष्मीमुक्तीचा. यात जमिनीचे तुकडे होत नाहीत. पत्नीचे नाव पतीच्या जोडीने लागते. तुकडेबंदीमुळे छोट्या क्षेत्राचे स्वतंत्र व्यवहार अडतात, तिथे हा मार्ग सोपा पडतो. दुसरा मार्ग बक्षीसपत्राचा. पत्नीच्या नावे शेतजमिनीचे बक्षीसपत्र करताना मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार व इतर खर्च वेगळा. दोन्हींत फरक आहे. सातबाऱ्यावरची नोंद मुख्यतः महसुली कामासाठी असते, तिने एकटीने मालकी सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी वेळोवेळी म्हटले आहे. वाद झालाच, तर नोंदणीकृत दस्त अधिक भक्कम ठरतो.

आदिवासी तालुक्यांत प्रश्न वेगळा का?

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण, इगतपुरी या पट्ट्यात जमिनीचा मोठा प्रश्न वनजमिनीचा आहे. याच भागातून दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत हंगामी मजूर येतात आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कुटुंब कसत असलेल्या वनजमिनीचा, चार हेक्टरांच्या मर्यादेत, हक्क मिळतो. हा हक्क विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. एकट्या स्त्रीला तो तिच्या नावे मिळतो. जमीन विकता येत नाही, पण वारसाने पुढे जाते. म्हणजे लक्ष्मीमुक्तीत जे पतीच्या मर्जीवर सोडले आहे, ते इथे कायद्याने दिले आहे.

अडचण अंमलबजावणीची आहे. दावे वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात, मंजूर झाले तरी कसत असलेल्या क्षेत्रापेक्षा कमी जमीन मिळाल्याच्या तक्रारी असतात. मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली नाशिकहून मुंबईला निघालेल्या लाँग मार्चची ही प्रमुख मागणी होती. ६ मार्चला निघालेला हा मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईत पोहोचला. सोललेल्या तळव्यांनी चालणाऱ्या आदिवासी स्त्रियांची छायाचित्रे तेव्हा देशभर गाजली.

वारसाहक्काचा पेचही इथे आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू नाही; तिथे रूढी पाहिली जाते. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झाली नसताना त्यांना वारसाहक्क नाकारणे हा लिंगभेद ठरतो, असा निकाल दिला. त्याचा आधार इथल्या स्त्रियांनाही घेता येईल.

ज्यांच्या घरातच जमीन नाही त्यांचे काय?

याचे उत्तरही नाशिकच्या इतिहासात सापडते. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. पडीक व सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यांची मागणी होती. त्यांच्या नावाने राज्यात २००४ पासून सबळीकरण व स्वाभिमान योजना चालते. अनुसूचित जाती व नवबौद्धांमधील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची, अशी ती योजना असून विधवा व परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. मात्र जमीन बाजारातून खरेदी करून द्यायची असते आणि शासनाच्या दरात विकायला तयार असलेला मालक मिळणे कठीण होते. द्राक्षपट्ट्यातील जमिनीचे भाव पाहता नाशिकमध्ये तर अधिकच.

दुसरा मार्ग जमीन कसायला घेण्याचा. इथे कूळ कायद्याचा धाक आड येतो. ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वाने १ एप्रिल १९५७ रोजी राज्यात लाखो कुळे मालक झाली. त्या आठवणीने आजही मालक लेखी करार करायला कचरतो. बायकांचा गट एखादे शेत खंडाने किंवा अर्धेलीने घेतो तो तोंडी बोलीवर. मग कर्ज नाही, विमा नाही आणि पुढच्या वर्षी तेच शेत मिळेल याची खात्री नाही. शेतजमिनीला मेहनतीने चढ आणला की मालक ती परत मागतो, हा धोका कायम राहतो.

गट आणि उत्पादक कंपनीत सभासद व्हायला जमीन लागते का?

इथे कायदा स्त्रियांच्या बाजूने आहे. कंपनी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या उत्पादक कंपनीत किमान दहा उत्पादक एकत्र येऊ शकतात. सभासद ‘उत्पादक’ असावा, इतकीच मुख्य अट. त्यात शेती, पशुपालन, कुक्कुटपालन, वनोपज, प्रक्रिया हे सर्व येते. भाग कितीही असले तरी एक सभासद, एक मत. म्हणजे शेळ्या पाळणारी किंवा खंडाच्या शेतात भाजी पिकवणारी बाईही सभासद होऊ शकते. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणानेही जमिनीची मालकी असो वा नसो, खंडकरी, वाटेकरी, शेतमजूर अशा सर्वांना शेतकरी मानले आहे.

व्यवहारात मात्र सभासद करून घेताना सातबारा मागण्याची सवय सुटलेली नाही. कारण पुढे बँक, अनुदान आणि निर्यातीसाठी होणारी बागेची नोंदणी, सगळीकडे तोच कागद लागतो. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्सने शेतकऱ्यांची कंपनी निर्यातीपर्यंत आणि प्रक्रिया उद्योगापर्यंत कशी जाऊ शकते, हे दाखवून दिले. नाशिक त्यामुळे उत्पादक कंपन्यांचे देशातले एक केंद्र ठरले. पण अशा कोणत्याही साखळीत बाई मजूर म्हणून येते की भागधारक म्हणून, यावर तिच्या हाती काय राहते ते ठरते. मजूर म्हणून रोज मिळतो. भागधारक म्हणून भावातला वाटा, बोनस आणि सभेत मत मिळते.

केंद्राच्या दहा हजार उत्पादक संस्थांच्या योजनेत मैदानी भागात किमान ३०० सभासद लागतात. भागभांडवलाला प्रति सभासद २ हजार रुपयांपर्यंत, एकूण १५ लाखांच्या मर्यादेत, जोड अनुदान मिळते आणि व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत साह्य. ‘माविम’ आणि ‘उमेद’च्या बचत गटांचे जाळे गावोगावी आहे. संघटन आधीच तयार आहे. त्याला धान्य, भाजी, कांदा वा नागलीच्या व्यवहाराशी जोडणे बाकी आहे.

गटशेतीचा अनुभव काय सांगतो?

मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने दुष्काळानंतर ‘एक एकर’चा प्रयोग रुजवला. स्त्रियांनी कुटुंबाकडे मालकी न मागता अर्धा ते एक एकर कसण्याचा अधिकार मागितला. त्यात कमी पाण्याची डाळी, भाज्या, तृणधान्ये अशी मिश्र पिके, सेंद्रिय खते आणि घरचे बियाणे. आधी घरचे ताट भरायचे, उरेल ते विकायचे. एका एकराचा धोका छोटा असल्याने घरचे लोक फारसे अडवत नाहीत आणि ते शेत पिकलेले दिसले की पुढचा शब्द बाईचा चालतो. या कामाला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. सीताशेतीच्या कल्पनेशी याचे नाते सहज लक्षात येते.

केरळमध्ये कुटुंबश्रीच्या स्त्रियांचे गट खंडाने जमीन घेऊन शेती करतात. बीना अगरवाल यांच्या अभ्यासात तिथल्या गटांची हेक्टरी उत्पादकता वैयक्तिक शेती करणाऱ्या छोट्या, बहुतांशी पुरुष, शेतकऱ्यांपेक्षा सरस आढळली. तेलंगणात मात्र गटांचे उत्पादन कमी भरले. बाहेरची मजुरी वाचल्याने निव्वळ उत्पन्न तेवढे जवळपास बरोबरीला आले. फरक कशामुळे? केरळात शासन, बँक आणि पंचायत पाठीशी होती, गटांनी नफ्याची पिके निवडली. तेलंगणात जमीन हलकी मिळाली आणि आधार तुटपुंजा होता. म्हणजे केवळ बायका एकत्र आल्या म्हणून शेती फायद्याची होत नाही. चांगली जमीन, वेळेवर कर्ज आणि विक्रीची सोय हवीच.

मर्यादा कोणत्या?

सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे निर्णय हाती आला असे नाही. अनेकदा आयकर, कर्जमाफी किंवा अनुदानाचे गणित जुळवण्यासाठी पत्नीचे नाव लावले जाते आणि बँकेचे पासबुक मात्र तिच्या हाती नसते. उत्पादक कंपन्यांतही कागदावर महिला संचालक आणि बैठकीला तिचा नवरा, हे चित्र ग्रामपंचायतीतल्या ‘सरपंच पती’पेक्षा वेगळे नाही. सामाईक खात्यात कर्ज काढायचे तर सर्व सहधारकांची संमती लागते, त्यामुळे भावकीत वाद असेल तर बाईचा वाटा असूनही अडतो.

उलट बाजूने, जमिनीच्या हक्काशिवाय चालणारा गट पापड, लोणची, मसाल्यात अडकून पडतो. उलाढाल वाढवायची तर गोदाम, शीतगृह, वाहन लागते आणि तिथे बँक तारण विचारते. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकरी हक्कांचे खासगी विधेयक मांडले होते. जमिनीच्या मालकीवाचूनही स्त्रीला शेतकरी असल्याचे प्रमाणपत्र मिळावे, अशी त्यात तरतूद होती. ते विधेयक मंजूर न होताच बारगळले.

पुढे काय करता येईल?

बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. बचत गटाच्या मासिक बैठकीत हप्ता आणि कर्जाबरोबर प्रत्येक सभासदाच्या घरचा सातबारा वाचला गेला, तर कोणाची वारस नोंद राहिली आहे हे पहिल्याच महिन्यात कळते. एकटीने तलाठी कार्यालयात खेटे घालणे आणि दहा जणींनी मिळून जाणे यात फरक पडतो. उत्पादक कंपन्यांना एका कुटुंबातून पती व पत्नी दोघांनाही स्वतंत्र सभासद करून घेता येते आणि मालाचे पैसे माल पिकवणाऱ्या स्त्रीच्या खात्यात जमा करता येतात. खंडाने शेती करणाऱ्या गटांना नाबार्डच्या संयुक्त देयता गटाच्या पद्धतीने विनातारण कर्ज देण्याची सोय बँकांकडे आहे. शासनाकडून अपेक्षा आहे ती दोन गोष्टींची. एक, मालकाचा हक्क शाबूत ठेवून खंडाचा लेखी करार करता येईल अशी वाट. दोन, फार्मर आयडीत जमीनधारकाबरोबर प्रत्यक्ष कसणाऱ्या स्त्रीचीही नोंद.

चांदवडला जमलेल्या स्त्रियांपैकी अनेक जणी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या सुना गटाच्या अध्यक्ष आहेत, नाती पदवीधर आहेत. त्या मेळाव्याची मागणी मात्र अजून घरोघरीच्या सातबाऱ्यावर तपासावी लागते. गटामुळे उत्पन्न येते, सातबाऱ्यामुळे पत येते. एकावाचून दुसरे लंगडे राहते, हाच या चाळीस वर्षांचा धडा आहे.